काच शांत होईपर्यंत

अकरा वर्षं दुसऱ्यांच्या फिल्म करून मी एक गोष्ट पक्की शिकले होते: ग्राहकाला अडचण सांगायची नाही. कॅमेरा बंद पडो, ज्याची मुलाखत घ्यायची तो माणूस आदल्या दिवशी नोकरी सोडून जावो, आपण हसायचं आणि म्हणायचं, "होऊन जाईल." हे मी इतक्या वेळा म्हटलंय की आमच्या वहिनीने माझं नावच 'होऊन जाईल' ठेवलंय. मी फोन केला की ती दादाला ओरडून सांगते, "अहो, होऊन जाईलचा फोन आहे."

माझा धंदा म्हणजे मी. ऑफिस नाही, पाटी नाही, हाताखाली माणूस नाही. दिग्दर्शक मी, कॅमेरा मी, आवाज मी, गाडी चालवणारी मी आणि दिवसाच्या शेवटी "जेवलीस का?" असं स्वतःला विचारणारीही मीच. कारखान्यांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या तीन-चार मिनिटांच्या फिल्म करते. लोकांना वाटतं, हिची मजा आहे. मजा कसली डोंबलाची! सकाळी कोटेशन पाठवायचं, दुपारी त्यातलं अर्धं आपल्याच हाताने कापायचं आणि संध्याकाळी "आमचा भाचा हे फोनवर करून देतो" हे ऐकून घ्यायचं. काम मिळालंच तर "फक्त एक छोटासा बदल" सात वेळा. सातव्या वेळी जे तयार होतं ते पहिल्यासारखंच असतं, पण तेही सांगायचं नाही.

दादाचं नळ आणि पाइपचं दुकान आहे. चांगलं चालतं, कारण जगातले नळ गळायचे काही थांबत नाहीत. दोन वर्षं तो माझ्या मागे लागला होता, काउंटरवर ये म्हणून. तो माझ्या वाईटावर नाही. मला महिना महिना रिकामी बसलेली बघून त्याच्याच जिवाला घोर लागतो. या खेपेला मात्र त्याने तारीख दिली.

"एक तारखेपर्यंत तुझं काही कायमचं जमलं तर ठीक. नाहीतर काउंटरवर तू. तेही नको असेल तर मी दुसरा माणूस ठेवतो, मग नंतर रडत येऊ नकोस."

"होऊन जाईल रे."

"हे मला नको सांगूस. मी तुझा ग्राहक नाही."

कायमचं जमण्यासारखं एकच काम समोर होतं. शाळा-कॉलेजांसाठी दुर्बिणी बनवणारी एक कंपनी होती. त्यांना वर्षभरात दहा फिल्म हव्या होत्या, आणि प्रसिद्धीचं बघणाऱ्या मॅडमनी परीक्षा म्हणून आधी एक दिली होती: त्यांच्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणीचा आरसा कसा बनतो. आरसा शनिवारी बनवणाऱ्याच्या घरून निघणार, मग लवकरच उद्घाटन, आणि तिथे माझी चार मिनिटं दाखवायची. आवडली की वर्षाच्या यादीत माझं नाव. मी घाबरून एकाच दिवसाच्या शूटिंगचा भाव सांगितला. दोन दिवसांचा सांगितला असता तर भाचा आलाच असता.

एका दिवसात उरकायचं म्हणजे चांगल्या उजेडाची वाट बघत बसता येत नाही. उजेड भाड्याने आणावा लागतो. मी दोन मोठे दिवे आणले, जुन्या पद्धतीचे, शेगडीसारखे तापणारे, कारण ते स्वस्तात मिळतात.

बुधवारी सकाळी नऊला मी आरसेवाल्या काकांच्या दारात उभी होते. दार काकूंनी उघडलं. "ते दाताच्या डॉक्टरकडे गेलेत. अकरापर्यंत येतील. खाली जायचं तर जा, पण कशाला हात लावू नका हं."

खाली म्हणजे तळघरात. लांबट, अरुंद, एकही खिडकी नसलेलं, भिंतींवर जाड घोंगड्या टांगलेल्या. मधोमध पाण्याने भरलेलं एक पिंप, आणि त्याच्याभोवतीची फरशी एका गोल पट्ट्यात चालून चालून गुळगुळीत झालेली. एका टोकाला लाकडी चौकटीत आरसा उभा होता. मी काहीतरी लखलखतं शोधत होते, आणि ही तर नुसती काच होती: कवेत जेमतेम मावेल एवढी गोल, चार बोटं जाड, समोरून किंचित खोलगट. तिच्यात माझा चेहराही धड दिसेना. चांदीचा थर मागाहून दुसरीकडे देतात, हे मला नंतर कळलं.

मी काकूंचं ऐकलं. कशालाही हात लावला नाही, अगदी शपथेवर सांगते. फक्त दिवे लावले. दोन्ही बाजूंनी, अगदी जवळून. आणि ती मुकी काच अशी काही पेटली की मीच माझ्यावर खूश झाले. कडेने, वरून, खालून, दोन तास मी ती टिपत होते. मनात वर्षाची यादी तयार होती आणि तिच्यावर माझं नाव ठळक अक्षरात.

काका आले तेव्हा त्यांचा एक गाल सुजलेला होता आणि अर्धं तोंड बधिर. ते शेवटच्या पायरीवर थांबले, आधी दिव्यांकडे बघितलं, मग काचेकडे.

"किती वेळ झाला?"

"दोन तास झाले असतील. मस्त आलंय काका. बघता?"

त्यांनी एकेक करून दोन्ही दिवे बंद केले आणि पायरीवर बसले. "आज मोजणी करायची होती."

"मग करा की. मला तेच हवंय."

"आता नाही व्हायची. काच तापली. शांत व्हायला दोन दिवस लागतील तिला. शुक्रवारी मोजणी, मग एक हलका हात फिरवायचा, मग पुन्हा थांबायचं. सोमवारच्या आत काही ही घराबाहेर पडत नाही."

"अहो, इतकी कुठे तापणार आहे?"

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. भांडणात माझा हात धरणारा कुणी नाही. पण ते उठले, कोपऱ्यात दिव्यांपासून लांब कापडाखाली झाकलेली एक लहान काच काढली आणि दुसऱ्या छोट्या चौकटीत ठेवली. ती त्यांनी तरुणपणी पहिल्यांदा घासलेली. मग त्यांनी चाकं लावलेलं एक टेबल तिच्यासमोर ओढलं. टेबलावर पत्र्याची एक डबी होती, आत छोटा बल्ब, डबीला सुईने पाडलेलं भोक. शेजारी स्क्रूवर बसवलेलं दाढीचं पातं. एवढंच यंत्र. भोकातून उजेड काचेवर जातो, काच तो परत पाठवते, आणि तो बरोबर पात्यापाशी येऊन पोचतो.

"पात्याच्या मागे डोळा लावा," ते म्हणाले. "आणि श्वास जरा बेताने."

मी डोळा लावला. ती लहान काच काठोकाठ उजेडाने भरली होती. काकांनी स्क्रू केसभर फिरवला. पातं उजेडाच्या वाटेत आलं, आणि अख्खी काच एकदम, सगळीकडे सारखीच, राखाडी झाली.

"आता काचेसमोर हात धरा."

मी एक हात लांब करून मधे धरला. माझ्या हाताची काळी सावली दिसली, आणि तिच्या बोटांवरून काहीतरी वर चढत होतं. पाण्यात साखर विरघळताना दिसतात तशा रेघा, वळत, एकमेकींत मिसळत. मी बोटं हलवली तर त्याही हलल्या. मी घाबरून हात मागे घेतला.

"काय आहे हे?"

"तुमच्या हाताची ऊब. नेहमीच असते. दिसत नाही एवढंच."

अडतीस वर्षं मी हे हात घेऊन फिरत होते. पण काकांचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी आपला अंगठा काचेवर टेकवला, मनात तीसपर्यंत आकडे मोजले, आणि अंगठा उचलला. "बघा आता."

त्या सपाट राखाडीत एक टेकडी उभी होती. खरीखुरी. एका बाजूने उजळ, दुसऱ्या बाजूला सावली, जणू कलत्या उन्हात लांबून बघतेय. मी डोळा काढून काचेकडे नुसतं बघितलं. तिथे काहीच नव्हतं. पुन्हा डोळा लावला. टेकडी होती.

"किती उंच आहे ही?"

"केसाच्या जाडीचे हजार भाग करा. त्यातले एक-दोन." ते बधिर जिभेने सावकाश बोलत होते. "माझा अंगठा अर्धं मिनिट होता. तुमचे दिवे दोन तास होते."

मी बघत राहिले. टेकडी हळूहळू खचत गेली, तिची सावली फिकी झाली, आणि चहा निवायला लागतो तेवढ्या वेळात ती जमिनीत मिळून गेली. मग माझ्या लक्षात आलं की हे सगळं चालू असताना माझा कॅमेरा बॅगेत होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी नुसतं बघितलं होतं.

मोठी काच घासायला चौदा महिने लागले होते. पिंपावर काच, काचेवर लाल भुकटीचा लेप, वर घासायचा जड गोल ठोकळा, आणि एका बाजूला कल येऊ नये म्हणून पिंपाभोवती फिरत राहायचं. अर्धा तास घासायचं आणि मग काच शांत व्हायची वाट बघायची. बहुतेक वेळ वाट बघण्यातच जातो, असं काका म्हणाले. मी एका दिवसाचा भाव सांगून आले होते हे मी त्यांना सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी मॅडमचा फोन आला.

"आरसा सोमवारी निघणार म्हणे. त्या म्हाताऱ्याचा दात दुखतोय! दातासाठी उद्घाटन पुढे ढकलायचं का आम्ही? वरचे भडकलेत. पुढचा आरसा यांच्याकडे द्यायचा नाही असं म्हणतायत. तुमचं शूटिंग नीट झालं ना?"

"हो. झालं."

"चला, एक माणूस तरी वेळ पाळतो," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

खोटं कशाला सांगू, मला आधी हायसंच वाटलं. ठपका टळला होता आणि कौतुकही पदरात पडलं होतं. मी लॅपटॉपवर बुधवारचं शूटिंग लावलं. काच नुसती तेजाळली होती. मॅडमना आवडलं असतं, एकही छोटासा बदल न सांगता आवडलं असतं. आणि मी बघत बसले तसं माझ्या डोक्यात शिरत गेलं, की माझ्या फिल्ममध्ये ती जिथे सगळ्यात सुंदर दिसत होती, तिथेच ती बिघडत होती.

मी गाडी काढून काकांकडे गेले. ते गरम पाण्याच्या गुळण्या करत होते.

"तुम्ही दाताचं का सांगितलंत?"

"दात दुखतोच आहे की."

"पुढचा आरसा तुमच्या हातचा जाईल, काका."

"कळलंय मला."

"मग माझं नाव का नाही घेतलंत?"

त्यांनी तोंड पुसलं. "तुम्ही एकट्याच करता ना सगळं? मीही एकटाच. एकट्या माणसाचं एक काम गेलं की मागोमाग काय काय जातं, ते मला माहीत आहे. माझं तरी आता वय झालं."

ते हे इतकं साधेपणाने म्हणाले की मला त्यांच्याकडे बघवेना. चौदा महिने ज्याच्याभोवती माणूस फिरला, ते मी दोन तासांत विस्कटलं होतं, आणि ते माझ्याच पोटाची काळजी करत होते. जगात असली माणसं असतात याची मला कल्पना नव्हती. मी निघाले, कोपऱ्यावर गाडी थांबवली आणि मॅडमना फोन लावला.

"मॅडम, एक अडचण आहे," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला परका वाटला. मग सगळं सांगितलं. दिवे, दोन तास, काकांचा काही दोष नाही.

"हे तुम्ही मला का सांगताय?" मॅडम म्हणाल्या. "मला कळलं नसतं."

"म्हणूनच."

"यादी वर जायची आहे. आरसा ज्यांच्यामुळे लांबला त्यांचंच नाव मी वर्षाच्या कामासाठी कसं देऊ? मला विचारतील."

"बरोबर आहे."

"ही फिल्म तेवढी पूर्ण करा. म्हाताऱ्यांचं मी सांगते वर. त्यांचं काम जाणार नाही." फोन ठेवायच्या आधी त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटतंय." त्यांना खरंच वाटत होतं. म्हणून मला त्यांच्यावर चिडताही आलं नाही, आणि न चिडता राहणं माझ्या स्वभावाला फार जड जातं.

दिवे मी परत करून टाकले. शुक्रवार आणि शनिवार मी दिवसभर त्या तळघरात बसून होते. काका सांगतील तेव्हा हलायचं, नाहीतर नाही. त्यांनी मोजणी केली. काचेच्या कडेपाशी एक जरासा चढ होता, तो त्यांनी वीस मिनिटं घासून उतरवला आणि काच पुन्हा झाकून ठेवली. मी त्यांचे हात टिपले, लहान काचेसमोर काकूंच्या बोटांवरून चढणारी ऊब टिपली, अंगठ्याची टेकडी उभी राहताना आणि खचताना टिपली. उरलेला वेळ आम्ही थांबलो. मला थांबायची सवय नव्हती. शनिवारी संध्याकाळपर्यंत थोडी झाली.

रविवारी सकाळी मोठ्या काचेकडे शेवटचं बघायचं होतं. काकांनी टेबल खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. पात्याच्या मागे त्यांनी आपला डोळा न लावता माझा कॅमेरा लावू दिला, आणि आम्ही दोघंही त्याच्या छोट्या पडद्यावर बघत उभे राहिलो. काकू वरच्या पायरीवर बसल्या होत्या, कारण तीन माणसांची ऊब जास्त होते.

काच उजेडाने भरून समोर आली. काकांनी स्क्रूवर बोटं ठेवली. पातं आत सरकलं.

आणि उजेड गेला. सगळीकडून, एकाच वेळी, मधूनही आणि कडेनेही, घरात नकळत संध्याकाळ होते तसा. कुठे डाग नाही, कुठे चढ नाही, सावली नाही. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती शांत राखाडी. या आरशाचं वळण चेंडूच्या आतल्या बाजूसारखं, सगळीकडे सारखंच हवं होतं, आणि ते तसं झालं होतं. केसाच्या हजाराव्या भागाइतकीही चूक त्यात कुठे नव्हती. एका माणसाने नुसत्या हाताने, वर्षाहून जास्त काळ गोल गोल चालून केलेलं काम, आणि ते पुरं झाल्याची खूण ही की बघण्यासारखं काही उरलंच नाही. मला रडू आलं. मी तोंडावर हात दाबून धरला, हुंदक्याने हवा हलू नये म्हणून.

काकांनी काकूंना हाक मारली. त्या खाली आल्या, वाकून पडद्याकडे बघितलं.

"झाला?"

"झाला."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी मी दादाकडे गेले आणि चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं. "यादीत नाव नाही. एक तारखेपासून काउंटरवर येते."

दादाला आनंद व्हायला हवा होता. तो नुसतं "बरं" म्हणाला, मग काय झालं ते विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. "बघू तरी, कशासाठी एवढं," तो म्हणाला. दुपारी बसून मी चार मिनिटं घाईघाईने जोडली होती. टीव्हीला लॅपटॉप जोडून ती लावली. बुधवारचं चकचकीत काही त्यात घेतलं नव्हतं.

आमचा दादा म्हणजे दोन मिनिटं फोनशिवाय बसवत नाही असा माणूस. अंगठ्याची टेकडी आली तेव्हा त्याने फोन पालथा ठेवला. शेवटी मोठी काच राखाडी झाली, आणि मी ती वीस सेकंद तशीच राहू दिली होती.

"काही दिसत नाहीये," वहिनी म्हणाली. "बिघडलं का गं?"

"थांब," दादा म्हणाला. "दिसतंय."

संपल्यावर त्याने ती पुन्हा लावली. दुसऱ्यांदा तो टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. त्याला पितळेच्या नळाचे आटे नुसतं बोट फिरवून कळतात, कुठला नीट बसेल आणि कुठला गळेल ते. त्या राखाडीवरही त्याने तसंच बोट फिरवलं.

"तो हे हाताने करतो?"

"हाताने."

"आणि तू फोन केला नसतास तर पुढचा आरसा याला मिळाला नसता."

"नसता."

"तुझं काम मात्र राहिलं असतं."

"हो."

तो येऊन खुर्चीत बसला. वहिनी त्याच्याकडे बघत होती आणि मीही.

"एक तारखेपासून मी दुसरा माणूस बघतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे तू येऊ नकोस."

"अरे, मग मी खाऊ काय?"

"ते मला काय विचारतेस? चौदा महिने तो काय खात होता ते विचार जाऊन," दादा म्हणाला, आणि त्याने फिल्म तिसऱ्यांदा लावली.